गिरणीच्या खोलीतला सुपरकॉम्प्युटर

हसनाबादच्या रखमाजीनं घरात सुपरकॉम्प्युटर आणून ठेवला होता, हे ऐकणाऱ्याला थाप वाटते. वाटू द्या. ज्या बायकांनी पुढं त्याच्या गरम वाऱ्यावर कुरडया वाळवल्या, त्यांच्यासमोर जाऊन ही थाप आहे म्हणा, म्हणजे कळेल. दोन हजार एक सालचा पौष होता. जालन्याहून ट्रक आला तसं निम्मं गाव त्याच्या मागं लागलं. ट्रकमधून सात कपाटं उतरली. माणसाच्या उंचीची, करड्या रंगाची, प्रत्येकाच्या पाठीला जाळी आणि जाळीमागं पंखे. शिवाय मनगटाएवढ्या जाड वायरींची वेटोळी, एक पडदा, आणि कागदावर छापणारं एक यंत्र.

कपाटं शिरली ती थेट गिरणीच्या खोलीत. रखमाजीच्या थोरल्या भावाची तिथं पिठाची गिरणी होती. भाऊ गेला, गिरणी मोडीत निघाली, पण तीन फेजची लाइन आणि मीटर तसंच भिंतीवर राहिलं होतं. सात कपाटांना लागणारी वीज गावात दुसऱ्या कुठल्याच घरी नव्हती.

"ही काय दळती रे?" पारावरच्या एकानं विचारलं.

"आकडे," रखमाजी म्हणाला.

"किती?"

"एका सेकंदाला कोट्यानं."

"मंग घरात एवढे आकडे हायेत कुठं?" यावर सगळे हसले, आणि खरं सांगायचं तर गावाचं काही चुकत नव्हतं. रखमाजीच्या घरात मोजण्यासारखी एक शेळी होती, दोन चुली होत्या आणि त्या दोन चुलींवर वेगवेगळं जेवणारी दोन माणसं. एक रखमाजी आणि दुसरी त्याची विधवा भावजय गिरिजाबाई. साडेआठ वर्षं ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. आधी रखमाजी नोकरीवरून सुट्टीपुरता येई, आता कायमचा आला होता, आणि एका छपराखाली राहून बोलायचं नाही म्हणजे मोठी कसरत. मग दोघंही शेळीशी बोलत. "शेळे, नळाला पाणी आलंय म्हणावं," असं गिरिजाबाई म्हणे, आणि रखमाजी हंडा उचले. शेळी बिचारी दोघांकडंही आळीपाळीनं बघे.

रखमाजी एक्क्याऐंशी साली पुण्याला एका सरकारी हवामान संस्थेत शिपाई म्हणून लागला होता. शिक्षण नववी. पुढं एकोणनव्वदला तिथं ही मशीन आली आणि तिच्या खोलीचा गारवा सांभाळायचं काम त्याच्याकडं आलं. मशीन इतकी तापायची की भर वैशाखात तिच्या खोलीत माणसाला स्वेटर घालून बसावं लागे. रोज सकाळी साहेब यायच्या आधी बटणं ठरलेल्या क्रमानं दाबायची, पंख्यांचा आवाज ऐकायचा, आणि दिवसभर कुठं काही बिघडत नाही ना हे बघायचं. साहेब लोक पडद्याकडं बघत, रखमाजी कान देऊन असे. तिसऱ्या कपाटाचा पंखा घोगरा झालाय हे त्याला इंजिनिअरच्या चार दिवस आधी कळायचं. अकरा वर्षांत आजारी माणसाची करावी तशी त्यानं तिची सेवा केली.

त्याची बायको तुळजाबाई मात्र गावीच राहिली. पुण्यात चौघांत एक खोली, तिथं बायकोला नेणार कुठं? लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एका साहेबाला रखमाजीचं गाव कळलं तेव्हा त्यानं हौसेनं त्याच्या अंगणात एक पांढरी पेटी बसवून दिली. चार पायांवर उभी, चारी बाजूंनी झडपा, आत पाऱ्याच्या दोन नळ्या. रात्री किती गार पडलं आणि दिवसा किती तापलं हे त्या नळ्या सांगायच्या. चौथी पास तुळजाबाईनं रोज सकाळी साडेआठला पेटी उघडून दोन आकडे लिहायचे आणि दर दहा दिवसांनी पोस्टकार्ड पुण्याला टाकायचं. ते आकडे मशीनीत जात. नवरा मशीनीपाशी, बायको पेटीपाशी, आणि मधे हे कार्ड. दोघांचा संसार तो एवढाच. पण तुळजाबाईला त्याचा भारी अभिमान. दसऱ्याला तिनं घरातल्या विळ्या-कोयत्यांबरोबर पेटीलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि तिथून पुढं ती तिला पेटीआई म्हणू लागली.

ब्याण्णवच्या ऑगस्टची अठरा तारीख. सकाळी गिरणीत गिरिजाबाईचा आवाज चढला. "मरायचंय का तुला? मरायचं आसंल तर मर एकदाची!" हे वाक्य समोरच्या आळीनं स्पष्ट ऐकलं. दुपारी तुळजाबाई पोट धरून पडली. जीप करून जालन्याला नेताना वाटेतच संपली. रखमाजी दुसऱ्या दिवशी एसटीनं येऊन पोचला तेव्हा तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं, कपाशीवरचं औषध घेतलं म्हणून. सकाळची बोलणी, दुपारचं मरण. गावानं दोनाची बेरीज करून टाकली. रखमाजीनं भावजयीकडं पाहिलं. ती एक शब्द बोलली नाही, खाली मान घालून उभी राहिली. न बोलणं म्हणजेच कबुली, असं त्यानं धरलं आणि तिचं तोंड बघायचं नाही अशी गाठ मनाशी मारली.

तरी एक खुटखुट राहिली. वैनीच्या जिभेनं तुळजाचा जीव घेतला की नाही, हे त्याला पक्कं कळायला हवं होतं. पुण्याला परत निघताना त्याला फळीवर तिचं अर्धवट भरलेलं कार्ड दिसलं होतं. तिच्या हातचं अक्षर वाचायचा धीर झाला नाही, म्हणून न बघताच त्यानं ते स्टँडवरच्या टपालपेटीत टाकलं. नंतर मात्र तोच विचार डोकं खाऊ लागला. त्या दिवशी सकाळी तिनं आकडा लिहिला होता का? जिला जीव द्यायचा आहे ती बाई साडेआठला पेटी उघडून पारा कशाला बघेल?

कार्डं तर केव्हाच रद्दीत गेली होती. आकडे होते ते मशीनीत. पेटी देणारा साहेब बदलीवर जाताना त्याला एक चिठ्ठी देऊन गेला होता. "हे सात शब्द टाइप केले की तुझ्या गावाचे सगळे आकडे बाहेर येतील. मधले रिकामे दिवस मशीन स्वतः अंदाजानं भरते," असं त्यानं सांगितलं होतं. चिठ्ठी आठ वर्षं खिशात राहिली. संस्थेत ती टाइप करायचा धीर झाला नाही, कारण तिथं दहा साहेब मागं उभे. आपल्या बायकोचं मयत चारचौघांत कसं उघडायचं? तेव्हा सुपरकॉम्प्युटर घरात कशाला, असं जे गाव विचारत होतं त्याला रखमाजीकडं उत्तर होतं. काही गोष्टी घरातच विचारायच्या असतात.

दोन हजार साली मशीन म्हातारी ठरली आणि वजनावर लिलावात निघाली. रखमाजीलाही लवकर निवृत्ती मिळाली. लिलाव घेतला तो जालन्याच्या भागचंद शेठनं. भट्ट्यांना भंगार पुरवणं हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. रखमाजी त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"अरे, तुला काय करायची?" भागचंद शेठ म्हणाले. "ही कोणाच्या कामाची न्हाई. आजकाल टेबलावरचा डब्बा हिच्या बराबर काम करतो."

"शेठ, तिच्या पोटात माझं एक काम राह्यलंय."

भागचंद शेठनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. व्यापारी माणूस, पण दगड नव्हता. "असं कर. सध्या भंगारचा भाव पडेल हाय. तवर तुझ्या घरी ठेव. भाडा लेना नहीं, देना नहीं. भाव चढला का दुसऱ्याच दिवशी माझा ट्रक येईल, तवा रडायचं बिलकुल न्हाई." असा हा सौदा ठरला.

वायरी जोडण्यात रखमाजीचा महिना गेला. तीन फेजची वीज गावाला दिवसा दहा ते चार एवढीच येई. माघातल्या एका सकाळी दहाला त्यानं क्रमानं बटणं दाबली. सात कपाटं एकामागून एक घुमू लागली. आळीतले दिवे मंदावले, समोरच्या घरातला टीव्ही आक्रसून हाताएवढा झाला, कुठल्याशा विहिरीवरची मोटार गुरगुरून बंद पडली. दोन कूलरनं खोली कशीबशी गार ठेवली, पण त्या कूलरांनीच दिवसाला आठ घागरी पाणी पिऊन टाकलं. कपाटांच्या पाठीमागून खिडकीवाटे जो वारा बाहेर पडे तो भट्टीच्या तोंडासारखा. फाल्गुन लागला तशा आळीतल्या बायकांनी खिडकीखाली खाटा टाकल्या, आणि कुरडया, पापड, सांडगे दोन तासांत कडकडीत वाळू लागले. सुपरकॉम्प्युटरचा घरगुती उपयोग म्हणाल तर गावानं शोधला तो हा. गिरिजाबाईनंही खाट टाकली आणि शेळीला ऐकवलं, "शेळे, गिरणी होती तवा निदान पीठ पडायचं. ही नुसता वारा दळून राह्यली."

आतमध्ये रखमाजी चिठ्ठीवरचे सात शब्द एका बोटानं टाइप करून बसला होता.

पहिले दोन दिवस नुसता घुमारा. तिसऱ्या दिवशी छापायचं यंत्र अचानक जागं झालं. तारीख, दोन आकडे. तारीख, दोन आकडे. एकोणनव्वदचा ऑक्टोबर, तुळजाबाईनं पेटी पहिल्यांदा उघडली तो दिवस. रखमाजीनं त्या आकड्यांवरून हात फिरवला. मशीनीचे छापील ठसे, पण त्याला तिचा वळणदार दोन आणि पोट सुटलेला पाच दिसू लागला. रोज थोडं थोडं छापत कागद ब्याण्णवच्या ऑगस्टला येऊन पोचला. सतरा तारीख, आकडे. अठरा तारीख, आकडे. लिहिले होते. त्या सकाळीही तिनं पेटी उघडली होती.

पण सुटकेचा श्वास पुरता सोडायच्या आत यंत्र पुन्हा कडकडलं. एकोणीस ऑगस्ट, दोन आकडे. वीस ऑगस्ट, दोन आकडे.

एकोणीसला तर ती सरणावर होती. त्यानंतर पेटीला कुणी हात लावला नव्हता. आतल्या नळ्या त्याच पावसाळ्यात फुटल्या होत्या आणि झडपांत चिमण्यांनी घरटी केली होती. मग रखमाजीला साहेबाचं बोलणं आठवलं. रिकामे दिवस मशीन अंदाजानं भरते. हां, मग ठीक. मशीन आजूबाजूच्या गावांचे आकडे बघते, जुनी रीत बघते आणि भरते. त्यानं स्वतःला समजावलं, खोलीतून बाहेर येऊन उन्हात बसला, पण मग अठराचा आकडा तरी तिचा की मशीनीचा, हा प्रश्न काही जाईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं कागद पहिल्यापासून पुन्हा चाळला, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. दर महिन्याला चार दिवस आकडे तेच. चारही दिवस अगदी तेच, दशांशासकट. चार दिवस हवा अशी एका जागी थांबत नसते. त्याला वाटलं, तुळजा कंटाळा करायची की काय? मग लख्खकन उजेड पडला आणि तो एकटाच खोलीत लाजला. चार दिवस ती बाजूला बसायची. हळदकुंकू वाहिलेल्या पेटीआईला त्या दिवसांत हात कसा लावणार? म्हणून ती आदल्या दिवसाचा आकडा पुढं ओढायची. हवामानाच्या मोठमोठ्या साहेबांनी हे आकडे मशीनीत घातले, त्यावर हिशेब केले, आणि एकालाही कळलं नाही की महिन्यातले चार दिवस हसनाबादचं हवामान देवाच्या सोवळ्यात अडकलेलं असतं.

आता तो बोट ठेवून एकेक महिना बघू लागला. ब्याण्णवचा एप्रिल, चार दिवस. मे, चार दिवस. जूनमध्ये चौदा ते सतरा. जुलैमध्ये नाहीत. त्यानं जुलै दोनदा वाचला, तीनदा वाचला. ऑगस्टच्या अठरा तारखेपर्यंतही नाहीत.

तुळजाला दिवस राहिले होते.

बारा वर्षं ज्यासाठी तिनं उपास केले, ते घडलं होतं आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांची गर्भार बाई औषध घेईल? तीही तुळजा? शक्यच नाही, असं त्याचं मन ओरडून सांगत होतं. बायको एकदा गेली होती, आज ती पोटातल्या जिवासकट पुन्हा गेली. कपाटाला डोकं टेकवून तो हमसून हमसून रडला, आणि मशीनीच्या घुमाऱ्यात ते बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

यंत्र छापतच होतं. कागदाची चळत जमिनीवर वाढत गेली. डोळे पुसून त्यानं सवयीनं पुढचे महिने पाहिले. मशीन जुनी रीत बघून भरते ना? मग ते चार दिवस पुन्हा यायला हवेत. आले नाहीत. सप्टेंबर नाही, ऑक्टोबर नाही, नवं साल लागलं तरी नाही. त्र्याण्णवच्या मार्चमध्ये, बावीस तारखेपासून आकडे थांबले. चार दिवस नव्हे, बारा दिवस. बारा दिवस तेच आकडे.

बाळंतिणीची सोयर बारा दिवसांची. बारा दिवस देवाला शिवायचं नाही. चार दिवसांची रीत मशीनीनं तुळजाच्या आकड्यांवरून उचलली असेल, मान्य. पण बारा दिवस तिनं उभ्या आयुष्यात कधी लिहिले नव्हते. ते मशीन कुठून शिकली? त्यानं जून मोजला, पुढं मोजलं. बरोबर नऊ महिने. मग पुढचे नऊ-दहा महिने आकडे रोजच्या रोज हलते, अंगावर पाजणाऱ्या बाईचे असावेत तसे. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत पुन्हा ते चार दिवस, आणि तिथून दर महिन्याला न चुकता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं ती मेल्यावरही गेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्यानं भोकरदनहून रात्रीचा गारवा आणि दिवसाचा ताप दोन्ही धरून ठेवणारा काचेचा तापमापक आणून पेटीत टांगला. कागद तोवर चालू तारखेला येऊन पोचला होता आणि आता दिवसाला एकच ओळ छापत होता. सकाळी साडेआठला त्यानं पेटी उघडून पारा पाहिला, दहाला वीज आल्यावर ओळ पाहिली. तंतोतंत. दुसऱ्या दिवशी तंतोतंत. असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी बाहेर ऊन वाढलं, कागदावर मात्र कालचाच आकडा. अकराव्या दिवशीही कालचाच. रखमाजीनं पेटीच्या झडपा हलक्या हातानं लावून घेतल्या. कुणी आत झोपलं असावं आणि जागं होऊ नये असं त्याला वाटत होतं. भीती वाटत होती का? होती. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. मशीनीत कुठंतरी एक हसनाबाद होतं, तिथं तुळजा होती, तिचं लेकरू आता आठ वर्षांचं होतं, आणि ती रोज सकाळी साडेआठला पेटी उघडत होती.

त्याच आठवड्यात निरोप आला. भाव चढला, सोमवारी ट्रक येतो.

सोमवारी सकाळी दहाला रखमाजीनं मशीन शेवटची चालू केली. मग तो खोलीतून बाहेर आला आणि अंगण ओलांडून थेट भावजयीच्या चुलीपुढं जाऊन उभा राहिला. दहा पावलांचं अंतर, साडेआठ वर्षं लागली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण त्याचा वळसा सात कपाटांभोवतून पडला होता.

"वैनी," तो म्हणाला. गिरिजाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. तिनं सवयीनं शेळीकडं पाहिलं. "वैनी, तुळजाला दिवस राह्यले व्हते."

गिरिजाबाई धडपडत उठली आणि आधी त्याच्याकडं नाही, देवळीतल्या देवाकडं बघून ओरडली, "म्या न्हाई सांगितलं! देवा, तू साक्षी हाय, म्या तोंड उघडलं न्हाई! भावजी, कोण बोललं तुमाला? तुमी बरे हायेत ना? छातीत दुखून ऱ्हायलं का?"

"मला काय व्हायचंय? मशीनीनं सांगितलं."

"म्हणजे माणसानं न्हाई ना सांगितलं? माझ्या तोंडून न्हाई ना निघालं?"

"न्हाई. पण तुमाला म्हाईत व्हतं?"

गिरिजाबाई तिथंच भुईवर बसली. आणि मग साडेआठ वर्षांचं धरण फुटलं.

"मला एकलीला म्हाईत व्हतं. तिसरा महिना सरल्याबिगर सांगायचं न्हाई, नजर लागती, म्हणली. दिवाळीला येतील तवा मीच सांगन म्हणली. आन माझा हात धरून तुमच्या डोक्याची शपथ घातली. कुणाला बोलले तर त्यांचं बरंवाईट व्हईल म्हणली. त्या दिवशी सकाळी मेली गव्हाचं पोतं उचलाया लागली. पोटुशी बाई, आन पोतं! माझं डोस्कंच फिरलं. मरायचंय का म्हणले, मर एकदाची म्हणले. आळीनं तेवढंच ऐकलं. दुपारी तिला कळा आल्या. पोटातल्या पोटात रगत झालं, भावजी. मागून दवाखान्यातल्या सिस्टरला मी आडून आडून इचारलं, ती म्हणली गर्भ जागेवर न्हाई राह्यला, नळीत राह्यला आसंल."

"मंग मला सांगितलं का न्हाई?" रखमाजी ओरडला. "म्या तुमाला खुनी समजून राह्यलो, वैनी. इतकी वर्षं!"

"कसं सांगू? शपथ तिनं घातली, तिनंच सुटली म्हणाया पायजे. ती तर सुटली म्हणायच्या आधीच गेली. मंग कोण सोडणार? मी बोलले आन तुमाला काय झालं तर? घरात एक मयत झालं व्हतं, दुसरं माझ्या तोंडानं करू? म्हणलं, न बोलू दे माझ्याशी, शिव्या देऊ दे, पण जित्ता राहू दे."

ही भोळी समजूत आहे, अंधश्रद्धा आहे, असं शहाण्या माणसानं खुशाल म्हणावं. पण त्या समजुतीपायी एका बाईनं दिराचा जीव राखण्यासाठी साडेआठ वर्षं खुनाचा आळ पांघरला होता. रखमाजीला तिच्याकडं मान वर करून बघवेना. त्यानं तिचा हात धरला आणि तिला गिरणीच्या खोलीत घेऊन आला. कपाटं घुमत होती. त्यानं कागद उलगडून बोटानं तिला सगळं दाखवलं. जूनचे चार दिवस, रिकामे महिने, मार्चचे बारा दिवस, आणि कालपर्यंतच्या ओळी. गिरिजाबाईला अक्षरओळख नव्हती, पण बारा दिवस तिला बरोबर कळले.

"म्हणजे ती हितं बाळंत झाली?" कुजबुजत तिनं विचारलं.

"मशीन तसं म्हणती."

"काय झालं, पोरगा का पोरगी?"

"तेवढं मशीन सांगत न्हाई, वैनी."

गिरिजाबाई कपाटाच्या अगदी जवळ गेली. जाळीतून येणाऱ्या गरम वाऱ्यानं तिचा पदर उडत होता. कुणाच्या दारावर टकटक करावी तसा तिनं पत्र्यावर हात ठेवला. "तुळजे," ती म्हणाली, "मी अक्का. भावजींना कळलं. म्या न्हाई सांगितलं, पण कळलं. आता तरी सुटली म्हण गं. लई वर्षं झाली."

दोघंही थांबले. खरोखरच काहीतरी होईल असं रखमाजीला वाटलं, कारण त्या क्षणी छापायचं यंत्र कडकडलं. एक ओळ आली. तारीख आणि दोन आकडे. बाकी काही नाही. मशीनीला तेवढंच येत होतं.

"काय म्हणली?" गिरिजाबाईनं विचारलं.

रखमाजीनं कागद पाहिला. खोटं बोलावंसं त्याच्या जिभेवर आलं होतं. साडेआठ वर्षांचं ओझं एका खोट्या शब्दानं उतरलं असतं. पण ते उतरलं नसतं, हेही त्याला कळत होतं.

"ती काही म्हणली न्हाई, वैनी. पण शपथ कोणाच्या डोक्याची व्हती?"

"तुमच्या."

"मंग डोकं माझं हाय. मी सोडतो. सुटली."

गिरिजाबाई त्याच्याकडं बघत राहिली. असं चालतं का, असा प्रश्न तिच्या डोळ्यांत होता, आणि चालू दे, अशी विनवणीही. बाहेर रस्त्यावर भागचंद शेठच्या ट्रकचा हॉर्न वाजला. "बंद नगा करू," ती एकदम म्हणाली. "भावजी, हितं तरी जगू द्या तिला. लेकरू हाय तिचं."

"वैनी, ही घरात ठिवायची चीज न्हाई," रखमाजी म्हणाला. मग त्यानं क्रमानं बटणं दाबायला सुरुवात केली, पण उलट्या क्रमानं. सातवं कपाट थांबलं, सहावं थांबलं. शेवटचा पंखा बराच वेळ फिरत राहिला, मंद होत गेला आणि थांबला. आळीतले दिवे एकदम लख्ख झाले.

त्या शांततेत गिरिजाबाईनं गळा काढला. ब्याण्णवला मयताच्या दिवशी रखमाजीनं तिला तिरडीजवळ येऊ दिलं नव्हतं, खुनी बाईचं रडणं माझ्या दारात नको म्हणाला होता. ते सगळं रडणं आता निघालं, छाती पिटत, नाव घेत, ज्या सुरात आपल्याकडं घरातलं माणूस गेल्यावरच बाई रडते. रखमाजी तिच्याशेजारी भुईवर बसला आणि त्यानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. कुरडयांच्या खाटा सोडून बायका धावत आल्या. ट्रकवरचे हमालही दारात थबकले. गर्दीतून एक म्हातारी पुढं आली आणि घाबरून विचारू लागली, "अगं गिरजे, काय झालं? कोण गेलं गं?"

गिरिजाबाईनं तोंडावरचा पदर काढला.

"आमची तुळजा," ती म्हणाली. "आन तिचं लेकरू."